सौंसरला पिक्चर लागायच्या आधी

पांढुर्णा
ता. १४ सप्टेंबर १९८६

चि. वत्सूला तिच्या मोठ्या बहिणीचा सप्रेम जयभीम.

जूनपासून तुला दोन कार्डं टाकली, एकाचंही उत्तर नाही. म्हणून आता वहीची पानं फाडून पाकिटात घालते आहे. कार्ड पोस्टमन वाचतो, मग तुझी शेजारीण अंबाबाई वाचते, आणि शेवटी तू ते न वाचता चुलीत टाकतेस. पाकीट निदान फोडून तरी टाकशील.

भांडणाचं एक अक्षर लिहिणार नाही, घाबरू नकोस. पिक्चरचं लिहिते.

आमच्या टॉकीजला सध्या ट्रकवाला लागलाय. हिरो एका हातानं ट्रक थांबवतो, दुसऱ्या हातानं हिरोईनचे डोळे पुसतो आणि मधेच गातोसुद्धा. पहिल्या दिवशी मला हसू आलं. चौथ्या दिवशी मीच त्या ट्रकची वाट पाहायला लागले. हिरोची आई मात्र झकास आहे. डॉक्टर हात वर करून गेल्यावरही बाई अर्धा तास बोलते, आणि त्या अर्ध्या तासात लेडीजमधल्या बाया पदर ओले करून घेतात. माझं म्हणणं एकच, व्हिलन फुकट गेला. इतका देखणा माणूस, त्याला तळघरात बसवला आणि तीनदा हसायला लावलं. त्याला एक बहीण द्यायला पाहिजे होती.

तू म्हणशील, बाईला काय कळतं पिक्चरमधलं. अगं, लेडीजच्या दारावर तिकिटं फाडायला मला नऊ वर्षं झाली. एक पिक्चर मी तीन आठवड्यांत साठदा पाहते, तुकड्यातुकड्यानं, कोणाचं पोर रडतंय, कोणाला बाहेर जायचंय ते बघत बघत. पिक्चर करणाऱ्यांनीसुद्धा तो इतक्यांदा पाहिला नसेल.

गोटमारीच्या दिवशी टॉकीज बंद होती. अर्धं गाव नदीवर दगड झेलायला गेलेलं, तुझे भाऊजी स्टेशनवर ड्यूटीला. मी कडी लावून एका बैठकीत दोनशे चाळीस पानं वाचली. वाचनालयातून आणलेली कादंबरी आहे, कोकणातल्या एका पोस्टमास्तरणीची. विधवा बाई, गावाची पत्रं वाफेवर उघडून वाचते आणि परत चिकटवून वाटायला देते. समुद्राचं वर्णन आलं की मी दोन पानं उलटत होते, आपण कुठं पाहिला समुद्र! पण बाई पक्की आहे. शेवटी ती एक पत्र मुद्दाम पोचवत नाही आणि त्यामुळे एका पोरीचं भलं होतं. तिथं कोणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, ‘हा गुन्हा आहे.’ मी त्याच्या खाली लिहिलं, ‘तुमच्या घरी पोरगी आहे काय?’ वाचनालयाच्या गुरुजींना सांगू नकोस.

यंदाचा सगळ्यात चांगला पिक्चर विचारशील तर एप्रिलातला नर्सवालाच. पण त्याचं नाव काढलं की तू कागद फाडशील, म्हणून राहू देते.

तुझी विजया बरी आहे. तू विचारलं नाहीस, तरी लिहिलं.

तुझी,
बाई


पांढुर्णा
ता. १९ ऑक्टोबर १९८६

चि. वत्सू,

दीक्षाभूमीवर तू पुस्तकांच्या दुकानापाशी उभी होतीस. पांढरं लुगडं, निळे काठ. मी हात केला. तू मला पाहिलंस, हे मला माहीत आहे, कारण न पाहिलेला माणूस इतक्या झटकन वळत नाही. दरवर्षी आपण तिथं एका डब्यातली भाकर खातो. यंदा तुझ्या वाटची भाकर मी बसमध्ये शेजारच्या म्हातारीला दिली. तिला मिरचीचा ठेचा झोंबला, तुला झोंबला नसता.

त्याच दुकानातून मी एक जुनी कादंबरी घेतली. पाठीवर लिहिलं होतं, ‘दोन बहिणींची हृदय पिळवटणारी कथा’. दोघी बहिणी शिलाईच्या मशीनवरून अकरा वर्षं बोलत नाहीत. लिहिणाऱ्या गृहस्थाला बहीण नसावी. त्यातल्या बहिणी समोरासमोर आल्या की वकिलासारखी लांब लांब वाक्यं बोलतात. खऱ्या बहिणी अशा बोलतात काय? खऱ्या बहिणी ‘जेवली काय’ एवढंच विचारतात आणि उरलेलं भांडी आपटून सांगतात. एकशे चाळीसाव्या पानावर मी ती मिटली. वाईट होती म्हणून मिटली असं समज.

एक रहस्यकथा पण वाचली, पातळशी. खुनी मी विसाव्या पानावर ओळखला. घरात खून झालेला, सगळे रडताहेत, आणि हा एकटा विचारतो की चहात आलं आहे काय. तरी शेवटपर्यंत वाचली. आपलं बरोबर निघालं की बरं वाटतं.

आता माझ्याच्यानं राहवत नाही, म्हणून एकदाच लिहिते. तू सगळ्यांना सांगत फिरतेस की बाईनं माझ्या पोरीचं डोकं फिरवलं. मी काय केलं? मेमध्ये तुझ्या अंगणात आपण आठ-दहा जणी पापड लाटत होतो. अंबाबाईच म्हणाली, “मंगला, सांग व एखादी ष्टोरी, हात चालते.” कापूस वेचायला जायचो तेव्हापासून मी ष्टोरी सांगत आले. पिक्चर पाहायला एक जाणार आणि वावरात दहाजणी ऐकणार, असंच होतं आपलं. तशीच मी नर्सवाल्या पिक्चरची सांगितली. पोरीचं लग्न ठरतं, ती नाही म्हणते, नर्सच्या ट्रेनिंगला जाते. माय म्हणते, तोंड दाखवू नको. दोन वर्षांनी पोरगी पांढऱ्या ड्रेसमध्ये घरी येते, आणि तीच माय गेटपर्यंत धावत येऊन तिची ट्रंक उचलते. तूसुद्धा डोळे पुसले होतेस त्या दिवशी. पिठाचे हात होते म्हणून दंडानं पुसले, मला आठवतं.

आठ दिवसांनी साक्षगंधाच्या दिवशी विजया लोधीखेड्याच्या पाहुण्यांसमोर उभी राहून ‘मले लगन नाही करायचं’ म्हणेल, हे मला ठाऊक नव्हतं. जुलैत ती छिंदवाड्याला ट्रेनिंगला गेली तेव्हा तू तिला पोचवायला स्टँडवर पण आली नाहीस. ती तुला पत्र लिहायला भीते. मला लिहिते. पहिल्या परीक्षेत तिसरी आली.

तुझी,
बाई


पांढुर्णा
ता. १६ नोव्हेंबर १९८६

चि. वत्सू,

परवा तुझे मालक, मोतीराम जवाई, कापूस घेऊन इथल्या जिनात आले होते. मॅटिनीच्या वेळी टॉकीजच्या दारावर आले. मला वाटलं, पिक्चर पाहायला आले असतील. म्हटलं, बसा आत, माझ्या ओळखीनं बसा. तर म्हणाले, निरोप घेऊन आलोय.

“वत्सला म्हणते, तो नर्सवाला पिक्चर आता सौंसरले येऊन राहिला. मी सोता पाहतो. पिक्चरातल्या मायनं खरंच ट्रंक उचलली असन, तर मी बी जातो पोरीपाशी. नाही उचलली, तर पोरीले हात धरून वापस आणतो. लोधीखेड्याचं पोरगं अजून मोकळंच आहे.”

मी विचारलं, “आन तुमचं काय म्हणणं, जवाईबुवा?”

“माहं काय, बाई! सारा सौंसर म्हणून राहिला का पिक्चरातल्या मायनं माफ केलं, तू काऊन नाही करत. तिचे कान किटले. मी बी पाहतो नं आता. जसं पिक्चरात असन तसं.”

आणि गेले. त्यांना पिक्चर कळत नाही असं मी म्हणत नाही, पण माणसानं काहीतरी आपलंही ठरवावं.

वत्सू, त्या पिक्चरबद्दल मी शांतपणे फेरविचार केला. मी सांगत होते तितका काही तो चांगला नाही. गाणी फार लांब आहेत. एक गाणं तर नुसतं बागेत झाडांभोवती, त्या मानानं तुझा संत्र्याचा बगीचा बरा. एका गाण्यात हिरोईन स्वप्नात नर्स होते, पण तिला इंजेक्शनची सुई धरता येत नाही, विजयानं पाहिली तर हसेल. बापाचं काम करणारा कधी प्यालेला वाटतो, कधी झोपून उठल्यासारखा. आणि प्रिंट जुनी झाली असणार, आतापर्यंत बैतूल, मुलताई सगळीकडे फिरून आली. पडद्यावर नुसता पाऊस दिसेल. त्यापेक्षा ट्रकवाला पाहा, तोही येईल तिकडे. त्यात मनोरंजन आहे.

मी आमच्या ऑपरेटर गुलाबभाऊंना सहज विचारलं की पिक्चरची पेटी सौंसर सोडून दुसरीकडे नाही का जाणार. ते म्हणाले, “कंपनीचा कागद राहते, बाई. पेटी बसवर चढली का सौंसरलेच उतरते. तुमाले काय करायचं?”

मला काय करायचंय! मी आपली सहज विचारत होते.

या महिन्यात वाचन काही झालं नाही. पुस्तक हातात घेते आणि तेच पान पुन्हा वाचते. एक विनोदी कादंबरी आणली होती, सासऱ्याच्या हरवलेल्या कवळीची. सगळे म्हणाले पोट धरून हसाल. मला त्या सासऱ्याची कीव आली.

पिक्चर नको पाहूस. बाईचं एवढं ऐक.

मंगला


पांढुर्णा
ता. ७ डिसेंबर १९८६

चि. वत्सला,

काल गुलाबभाऊंनी सांगितलं, नर्सवाला येत्या शुक्रवारी, बारा तारखेला सौंसरला लागतो. हे पाकीट मी पोस्टात टाकणार नाही. सकाळच्या बसच्या कंडक्टरच्या हाती देते आहे, तो तुझ्या घरी पोचवतो म्हणाला. शुक्रवारच्या आधी तुला मिळालंच पाहिजे.

पिक्चरातली माय ट्रंक उचलत नाही.

पिक्चरातली माय गेटवर येतच नाही. पोरगी ट्रेनिंगलाच जात नाही. जायला निघते, बसमध्ये बसते, खिडकीतून बापाला काठी टेकत येताना पाहते आणि खाली उतरते. फॉर्म फाडते. बापाच्या पाया पडते, माय तिला हळद लावते, आणि त्याच पाहुण्याच्या पोराशी तिचं लग्न होतं. वरून फुलं पडतात. तिथं संपतो पिक्चर. दोन वर्षं, पांढरा ड्रेस, गेट, ट्रंक, सगळं माझं आहे. मी तुझ्या अंगणात पापड लाटता लाटता केलं.

आता अजून एक, म्हणजे सगळं एकदमच होऊन जाईल. विजयानं फॉर्म भरला तो मार्चमध्ये, माझ्या घरी, परीक्षेच्या आधी भेटायला आली होती तेव्हा. पत्ता माझा दिला. बोलावणं आलं ते माझ्याकडे. पापडाच्या दिवशी ते माझ्या पिशवीत होतं, आणि पोरीला देऊ की नको हे मला कळत नव्हतं. मी ष्टोरी सुरू केली तेव्हा खरी सांगायचीच ठरवली होती. बसपर्यंत आले. समोर विजया लाटणं धरून बसली होती. तिचा हात थांबला होता. आता ही पोरगी बसमधून उतरली असं मी सांगितलं असतं ना वत्सू, तर आपली पण तिथंच उतरली असती. माझ्या तोंडून निघालं, “आन बस सुटली.” मग पुढचं आपोआप आलं. रात्री निजायच्या आधी मी ते बोलावणं तिच्या उशाशी ठेवलं.

तू म्हणशील, तुला कोणी अधिकार दिला पिक्चर बदलायचा. माझं नऊ वर्षांचं मत सांगते, मग मान नाहीतर नको मानू. तीन आठवडे, रोज तीन खेळ मी लेडीजच्या दारावर उभी राहून त्या बायकांकडे पाहिलं. पोरगी बसमध्ये बसली की पोरी टाळ्या वाजवत. म्हाताऱ्यासुद्धा वाजवत. ती खाली उतरली की सगळा लेडीज चूप. वरून फुलं पडत होती आणि बाया चपला शोधत होत्या. ज्यानं तो पिक्चर केला त्याला शेवट करता आला नाही, असं माझं मत आहे. आणि शेवट असा असता तर बरं झालं असतं, हे मला तुझ्या अंगणात सुचलं, यात माझी चूक एवढीच की ‘हे माझं आहे’ म्हणून मी सांगितलं नाही.

नाही. एवढीच चूक नाही. माझ्या ष्टोरीतली पोरगी नाही म्हणते तेव्हा समोर पाहुणे नव्हते. तुझ्या अंगणात एकवीस माणसं जेवून बसली होती, आणि सगळ्यांसमोर मान खाली घालावी लागली ती तुला. मी मागच्या दारात उभी होते. मला पुढं येऊन सांगता आलं असतं की फॉर्म माझ्या घरून गेलाय, जे बोलायचं ते मला बोला. मी पाणी भरायचं निमित्त करून विहिरीवर गेले. इतक्या पिक्चरांत इतक्या बायांना खरं बोलायला घाबरताना पाहिलं आणि दरवेळी दारातून शिव्या घातल्या. माझी वेळ आली तर मी विहिरीवर.

माझ्यावर जितकी रागवायची तितकी रागाव. दीक्षाभूमीवर वळलीस तशी जन्मभर वळ. पण माझी ष्टोरी खोटी निघाली म्हणून पोरीला वापस आणू नकोस. ती तिथं खरंच शिकते आहे, ते मी बनवलेलं नाही. परवा तिनं लिहिलंय, एका बाळंतिणीजवळ रात्रभर बसली, सकाळी त्या बाईनं हिचा हात सोडला नाही. मी वाचून रडले, आणि माझ्याआधी हे तुला कळायला पाहिजे होतं असं वाटलं.

शुक्रवारी पिक्चर पाहायचा तर पाहा. मी सांगितलं नव्हतं असं मात्र म्हणू नकोस.

मंगला


सौंसर
ता. १५ डिसेंबर १९८६

मोठ्या बाईले वत्सलाचा जयभीम.

मले तुह्यासारखं लिहिता येत नाही, चवथीच शिकलो मी. जसं बोलतो तसं लिहून राहिलो. चुकलं तर हसू नको.

पाकीट बुधवारी भेटलं. तीनदा वाचलं. पयले तर वाटलं का बस धरून पांढुर्ण्याले यावं आन टॉकीजच्या दारात सगळ्याईच्या समोर तुले बोलावं. मंग सांजेले सयपाक केला. कोनाले काही सांगितलं नाही.

काल रविवारच्या मॅटिनीले आमी अकरा जनी गेलो. मले जायचं नव्हतं, पन अंबाबाई हात सोडे ना. तिनं पापडाच्या दिवसापासून साऱ्या मोहल्ल्याले तो पिक्चर सांगून ठेवला. हे गडीमानसात बसले होते.

गानी तू म्हनतं तितकी लांब नाहीत. सुईचं मात्र खरं आहे, मले बी दिसलं.

पोरगी बसमधून उतरली तशी अंबाबाई उठून उभी राहिली. म्हने, “हे काय व? हे अशी नाही!” मंग हळद लागली, फुलं पडली, बत्ती लागली. कोनी उठे ना. अंबाबाईनं मागं ऑपरेटरच्या खिडकीकडं पाहून जो आवाज काढला, “रीळ कापला रे चोट्ट्या! माय कुठी गेली? ट्रंकवाली माय दाखव!” मंग साऱ्याच ओरडल्या. रीळ कापला, रीळ कापला. गेटकीपर धावत आला. तो म्हने, बाई, पिक्चर इतलाच आहे. कोनी ऐके ना त्याचं.

मंग साऱ्या माह्याकडं पाहू लागल्या. तुही सख्खी बहीन मी. मलेच खरं माहीत असन. तुहं पाकीट माह्या पदरात बांधलं होतं, तिथंच. हे बी गडीमानसातून उठून माह्याकडंच पाहून राहिले होते. मले वाटलं, आता सांगाव का हे सारं मंगलाचं बनवेल आहे. तोंडात आलं होतं.

मी म्हनलं, “हाव, कापला. पांढुर्ण्याले पुरा होता.”

बाई, जन्मात पयल्यांदा खोटं बोललो, आन ते बी तुह्यासाठी. घरी येईपर्यंत हे सौंसरच्या टॉकीजवाल्याले शिव्या देत होते. म्हने, शेवटच कापते लोकं, काय धंदा आहे हा.

माहा राग गेला नाही. तो राहीन अजून थोडे दिवस, तुले चालन नाहीतर नाही चालन. एकवीस पाहुन्याईपुढं मी होतो, तू विहिरीवर. ते मी इसरनार नाही.

पन पिक्चर तुहाच बरा होता. एवढं सांगतो. फकत तुह्या पिक्चरात मले एक पटलं नाही. पोरगी दोन साल परक्या गावी राहते, मानसं मरताना पाहते, बाया बाळंत होताना पाहते, आन माय घरी बसून तिची वाट पाहते. तेवढी कायची वाट पाहते थे? दोन पाय नाहीत काय तिले? गेटपाशी येऊन ट्रंक उचलनं सोपं आहे.

मी येत्या रविवारी छिंदवाड्याले जाऊन राहिलो. ह्याईले सांगितलं नाही अजून, बसमध्ये बसल्यावर खिडकीतून सांगन. तू येऊ नको. मी एकलीच जातो.

विजयाचा पत्ता लिहून लवकर पाठव. पाच महिने झाले, माह्याकडं माह्या पोरीचा पत्ता नाही.

वत्सला